‘टेम्पररी’ आणि ‘टर्मिनेबल’ : संपू शकणाऱ्या गोष्टींना इंग्रजीत काय म्हणावे?

महालकर

नमस्कार. मराठी करारनामे, अर्ज आणि प्रतिज्ञापत्रे यांचे इंग्रजी भाषांतर करून देणे हा माझा व्यवसाय आहे. सध्या हाती असलेल्या एका कागदात पुढील वाक्य आहे : ‘सदर व्यवस्था तात्पुरत्या स्वरूपाची असून ती केव्हाही संपुष्टात येऊ शकेल.’ इतवारीतील एका गोदामाच्या वापरासंबंधीचा हा करार आहे, दोन्ही पक्षांच्या सह्या झालेल्या आहेत आणि इंग्रजी प्रत व्यापाऱ्याच्या बँकेला द्यायची आहे.

माझी अडचण अशी की, हे एकच वाक्य दोन निराळ्या गोष्टी सांगते. व्यवस्था थोड्या काळासाठी आहे, ही पहिली. आणि ती संपू शकते, ही दुसरी. पहिलीसाठी ‘टेम्पररी’ हा शब्द सरळ मिळतो. दुसरीसाठी नेमका शब्द कोणता? एखादी गोष्ट शंभर वर्षे चालूनही संपू शकणारी असू शकते, आणि जिला आपण तात्पुरती म्हणतो ती कधीकधी दोन पिढ्या टिकते, त्यामुळे एकाच शब्दात दोन्ही बसवणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. कोशात ‘फायनाइट’, ‘टर्मिनेबल’, ‘पेरिशेबल’, ‘ट्रान्झियंट’, ‘इंटेरिम’, ‘प्रोव्हिजनल’, ‘एफेमरल’ हे सगळे शब्द शेजारी शेजारी दिलेले असतात. पण कोणता शब्द कोठे चालतो आणि कोठे अजिबात चालत नाही, हे त्या त्या क्षेत्रात वावरणाऱ्यांनाच ठाऊक असते. जाणकारांनी कृपया आपापल्या क्षेत्रातले सांगावे.

शंकरनगर

करार असेल तर ‘टर्मिनेबल’. दुसरा विचार करू नये.

सदरचा_वकील

शंकरनगर यांनी सुचवलेला शब्द योग्य आहे, परंतु एवढ्यावर थांबता येणार नाही, कारण कायद्यात हक्क संपण्याचे मार्ग अनेक आहेत आणि मार्ग बदलला की शब्दही बदलतो.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम १०६ पाहावे. करारात किंवा स्थानिक रूढीत वेगळे काही नसेल, तर शेतीसाठी वा उत्पादनासाठी दिलेला भाडेपट्टा सालवार धरला जातो व सहा महिन्यांच्या सूचनेने संपवता येतो; इतर कारणांसाठी दिलेला महिनेवार धरला जातो व पंधरा दिवसांच्या सूचनेने संपवता येतो. या ठिकाणी मूळ इंग्रजीत ‘टर्मिनेबल’ हाच शब्द आहे. मात्र त्याच अधिनियमाच्या कलम १११ मध्ये भाडेपट्टा कोणकोणत्या प्रकारे संपतो हे सांगताना ‘डिटर्माइन्स’ असे क्रियापद येते. नवा भाषांतरकार तेथे हमखास ‘ठरतो’ असे लिहितो, पण त्या जागी त्याचा अर्थ ‘संपतो’ एवढाच आहे. मुदत भरल्यामुळे आपोआप संपणे, याला तेथे ‘बाय एफ्लक्स ऑफ टाइम’ असे म्हटलेले आहे.

तिसरा शब्द ‘रिव्होकेबल’. १८८२ च्याच सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम ६० प्रमाणे जागेचा परवाना देणारा तो मागे घेऊ शकतो. परवान्याच्या भरवशावर परवानाधारकाने स्वखर्चाने कायम स्वरूपाचे बांधकाम केले असेल, तर मात्र त्याला तसे करता येत नाही. (हा अधिनियम मध्य प्रांतात, म्हणजे आपल्या नागपुरात, प्रारंभापासून लागू होता, मुंबई इलाख्याला तो नंतर लागू झाला. आपल्याकडील जुन्या कागदांत ही शब्दावली रुळलेली दिसते, त्याचे हे एक कारण असावे.)

म्हणून महालकर साहेब, आपला कागद भाडेपट्टा आहे की ‘लीव्ह अँड लायसन्स’, हे प्रथम सांगावे. त्यावर शब्द अवलंबून राहील. तसेच १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ नुसार असा करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो, तेवढेही पाहून घ्यावे.

महालकर

वकील साहेब, मनःपूर्वक आभार. करार ‘लीव्ह अँड लायसन्स’चा असून त्याची नोंदणी झालेली आहे.

गिरणीपुत्र

कायद्याच्या भाषेचा आदर राखून मला ‘टेम्पररी’ या शब्दाविषयीच काही सांगायचे आहे, कारण या शब्दाने आमच्या घराचे बरेच काही ठरवले.

१८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाल्यापासून नागपूर हे गिरणगाव म्हणून वाढले, आणि गिरण्यांमध्ये कामगारांचे अनेक प्रकार असत : कायम, परिवीक्षाधीन, बदली, तात्पुरता, नैमित्तिक, उमेदवार. माझे वडील शहरातल्या एका गिरणीत बदली कामगार होते. पाळी लागण्याच्या वेळी बदलीवाले फाटकापाशी थांबत. आत हजेरी झाली की कोणत्या खात्यात किती माणसे कमी आहेत ते कळे आणि त्या मानाने नावे पुकारली जात. वडील डबा घेऊनच जात. नाव निघाले नाही तर तोच डबा घरी येऊन आमच्यासोबत खात.

मुद्दा असा की, बदलीवाल्याची नोकरी आणि ‘टेम्पररी’ कामगाराची नोकरी या एक नव्हेत. तात्पुरत्या कामगाराला एखादे काम पुरे होईपर्यंत घेतलेले असते, म्हणजे त्याची नोकरी कामाबरोबर संपते. बदलीवाल्याचे काम कायमचेच असते, फक्त ते दुसऱ्याच्या नावावर असते. तो दुसरा परत आला की याचा दिवस संपतो. इंग्रजीला यासाठी स्वतःचा शब्द सापडला नसावा, कारण १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमात इंग्रजी मजकुरातही ‘बदली वर्कमन’ असेच लिहिलेले होते. मस्टरवर ज्याचे नाव आहे अशा दुसऱ्या कामगाराच्या जागी कामावर घेतलेला, अशी व्याख्या होती. आणि सलग एक वर्षाची सेवा पूर्ण झाली की त्या कलमापुरता त्याला बदली समजू नये, असेही पुढे म्हटले होते.

हंगामी हा आणखी वेगळा प्रकार. विदर्भातील जिनिंगमध्ये कापूस आला की काम सुरू होते आणि कापूस सरला की थांबते, पण पुढील वर्षी ते पुन्हा येणार असते. १९७२ च्या उपदान (ग्रॅच्युइटी) कायद्यात वर्षभर काम करणाऱ्याला दर वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन, तर हंगामी आस्थापनेत फक्त हंगामापुरते काम करणाऱ्याला दर हंगामामागे सात दिवसांचे, असा फरक केलेला होता. या सर्वांना सरसकट ‘टेम्पररी’ म्हणणाऱ्या भाषांतराने माणसाचे प्रत्यक्ष नुकसान होऊ शकते.

लक्ष्मीनगर_दक्षिण

चर्चा माहितीपूर्ण आहे, परंतु मूळ प्रश्न बँकेत द्यावयाच्या एका प्रतीचा आहे. बँकेतील अधिकारी ‘टेम्पररी’ वाचून जे समजायचे ते समजतील. भाषांतरकाराने मूळ कागदापेक्षा अधिक नेमके होण्याची आवश्यकता नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

सदरचा_वकील

लक्ष्मीनगर यांच्याशी मी अर्धा सहमत आहे. भाषांतरकाराने मूळात नसलेली अट घालू नये, हे खरे. परंतु मूळात असलेली अट गाळण्याचीही त्याला मुभा नाही. ‘संपुष्टात येऊ शकेल’ ही अट आहे. ‘तात्पुरती’ हे तिचे वर्णन आहे. वर्णन ठेवले आणि अट गेली, तर उद्या वाद झाल्यास इंग्रजी प्रत पुढे करणारा पक्ष म्हणेल की, मुदत भरेपर्यंत मला कोणी उठवू शकत नाही.

आठवी_ते_दहावी

मी गणित शिकवते. ‘फायनाइट’ हा शब्द महालकर सरांनी यादीत घेतला आहे, तो करारात मुळीच वापरू नये. आपल्या पाठ्यपुस्तकात ‘फायनाइट सेट’ला सांत संच म्हणतात, म्हणजे ज्याला अंत आहे असा. त्यात काळाचा संबंध नाही. भारतातील सर्व नागरिकांचा संच प्रचंड मोठा असला तरी सांतच आहे.

‘टर्मिनेटिंग’ हा शब्दही आमच्याकडे आहे. एक अष्टमांश म्हणजे ०.१२५, येथे भागाकार संपतो, म्हणून हा खंडित दशांश. एक सप्तमांशामध्ये १४२८५७ हे अंक त्याच क्रमाने फिरत राहतात, म्हणून तो अखंड आवर्ती. अपूर्णांक संक्षिप्त रूपात लिहिल्यावर छेदाचे २ आणि ५ यांखेरीज दुसरे मूळ अवयव नसतील, तरच दशांश खंडित होतो. तो कोणी थांबवत नाही आणि कोणाच्या सूचनेने थांबत नाही. त्याच्या घडणीतच थांबणे असते. मुलांना हे समजावताना मला नेहमी वाटते की, ‘संपवता येणारे’ आणि ‘संपणारे’ यांतला फरक जर भाषेच्या तासाला पक्का झाला असेल, तर गणिताच्या तासाला निम्मे काम झालेले असते.

धंतोली_दवाखाना

वैद्यकातून एक भर. दातात भरलेली ‘टेम्पररी फिलिंग’ काढून तेथे पक्की भरायची असते, म्हणजे संपवणारा दंतवैद्य असतो. ‘ट्रान्झियंट इस्केमिक अटॅक’मध्ये मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा काही वेळ खंडित होतो व लक्षणे स्वतःहून ओसरतात, म्हणून तेथे ‘टेम्पररी’ न म्हणता ‘ट्रान्झियंट’ म्हणतात. रुग्णाच्या नातेवाइकांना ‘तात्पुरता झटका’ असे सांगितले की ते निर्धास्त होतात, आणि ते धोकादायक आहे, कारण पुढे मोठा पक्षाघात येण्याची ती पूर्वसूचना असू शकते. लक्षणे ओसरली तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, हे मी प्रत्येकाला आवर्जून सांगतो.

कळमना_बाजार

आमचा शब्द ‘पेरिशेबल’. संत्र्याच्या पेट्या रेल्वेने किंवा ट्रकने बाहेरगावी जातात, तेव्हा कागदावर हा शब्द असतो. मराठीत आम्ही नाशवंत माल म्हणतो. आंबिया बहाराची संत्री असो की मृग बहाराची, तोडल्यापासून तिचे दिवस मोजलेलेच असतात. व्यापाऱ्याच्या दृष्टीने हा शब्द फार महत्त्वाचा आहे. १९३० च्या माल विक्री अधिनियमाच्या कलम ५४ प्रमाणे पैसे न मिळालेल्या विक्रेत्याच्या ताब्यात माल असेल, तर एरवी त्याला खरेदीदारास आधी पुनर्विक्रीची सूचना द्यावी लागते. माल नाशवंत असेल तर त्या सूचनेची वाट पाहावी लागत नाही. एका शब्दाने एवढा हक्क मिळतो.

सदरचा_वकील

कळमना यांनी उत्तम आठवण करून दिली. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९, नियम ६ मध्ये दाव्यातील जंगम वस्तू निकालापूर्वीच विकण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. कोणत्या वस्तू? तर ‘सब्जेक्ट टु स्पीडी अँड नॅचरल डिके’ अशा. लवकर आणि निसर्गतः नासणे ज्यांच्या माथी लिहिलेले आहे, अशा वस्तू.

इंदोरा

वकील साहेबांनी दिलेले हे इंग्रजी शब्द वाचून मी थबकलो, कारण ‘सब्जेक्ट टु डिके’ ही शब्दयोजना माझ्या अगदी ओळखीची आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा घेतलेल्यांपैकी माझे आजोबा होते. आमच्याकडे अंत्यविधीला ‘अनिच्चा वत संखारा, उप्पादवयधम्मिनो’ ही पाली गाथा म्हणतात. उत्पन्न होणे आणि व्यय पावणे हा ज्यांचा धर्म आहे, अशा या सर्व घडलेल्या गोष्टी अनित्य आहेत, असा तिचा आशय. यातील ‘वयधम्म’ या पदाचे इंग्रजी भाषांतर करताना अभ्यासक पुष्कळदा ‘सब्जेक्ट टु डिके’ असेच करतात, आणि ‘अनिच्च’साठी ‘इम्पर्मनंट’ लिहितात. ‘टेम्पररी’ लिहिलेले मी कोठेही पाहिलेले नाही. ते योग्यच आहे, कारण टेम्पररी म्हटले की त्याच्या मागे काहीतरी कायमचे येणार आहे अशी अपेक्षा राहते, जशी तात्पुरत्या पुलानंतर पक्क्या पुलाची असते. अनित्यामागे तसे काही उभे नाही.

पालीतला ‘धम्म’ हा प्रत्ययासारखा लागणारा शब्द मला फार मोलाचा वाटतो. जराधम्म, व्याधिधम्म, मरणधम्म. म्हातारे होणे, आजारी पडणे, मरणे हे बाहेरून कोणी लादलेले नाही, तो त्या वस्तूचा स्वभाव आहे. महालकर सर ज्याला ‘संपू शकणारी गोष्ट’ म्हणतात, तिचा सर्वांत व्यापक अर्थ या पदात आहे. गोदामाच्या करारात तो उपयोगी पडणार नाही, पण आपण शब्दांचा विचार करीत आहोत तर तो येथे असावा असे वाटले.

शाल्मली

इंदोरा दादा, आपले लिखाण पुन्हा पुन्हा वाचले. मी मराठी शिकवते, म्हणून त्याच धाग्यात संस्कृत-मराठीची बाजू मांडते.

मराठीत या अर्थाचे शब्द कमी आहेत अशी तक्रार अनेकदा ऐकू येते, ती मला मान्य नाही. नश्वर, भंगुर, नाशवंत हे तीन शब्द घ्यावेत. नश् धातूपासून ‘नश्वर’ आणि भञ्ज् धातूपासून ‘भंगुर’ यांची सिद्धी पाणिनीने ‘तच्छील’ या अर्थाखाली सांगितली आहे, म्हणजे ते करणे हा ज्याचा स्वभाव आहे तो. भंगुर म्हणजे मोडता येण्याजोगे नव्हे. मोडणे हाच ज्याचा स्वभाव ते. पालीतले ‘धम्म’ आणि संस्कृतातले हे प्रत्यय एकाच जाणिवेतून आलेले दिसतात.

इंग्रजीतल्या ‘एबल’ या प्रत्ययात मात्र दोन अर्थ एकत्र राहतात. ‘पेरिशेबल’ म्हणजे जे स्वतः नासते ते. ‘टर्मिनेबल’ म्हणजे जे कोणीतरी संपवू शकतो ते. बाहेरून दोन्ही शब्द सारखे दिसतात, पण एकात कर्ता लागत नाही आणि दुसऱ्यात कर्ता लपलेला आहे. आपल्याकडे संपणे आणि संपवणे अशी दोन क्रियापदे असल्यामुळे हा भेद एरवी लपत नाही. परंतु कागदोपत्री मराठीने ‘संपुष्टात येणे’ हा वाक्प्रचार इतका जवळ केला आहे की, आपण होऊन तो भेद पुसून टाकला आहे. महालकर सर, आपल्या वाक्यातली खरी अडचण इंग्रजीत नाही, ती मराठी वाक्यात आहे. व्यवस्था संपुष्टात कोण आणणार, हे ते वाक्य सांगत नाही.

नाल्याकाठी

भूगोलातले थोडक्यात सांगतो. केवळ पाऊस पडून गेल्यावर काही काळ वाहणारा ओढा तो ‘एफेमरल’, वर्षाचा काही भाग वाहणारा तो ‘इंटरमिटंट’ आणि बारमाही तो ‘पेरेनियल’. काही तासांचेच प्रौढ आयुष्य लाभलेल्या मेफ्लाय कीटकांच्या गणाचे नावही ‘एफेमेरॉप्टेरा’ आहे. करारात ‘एफेमरल’ कधीही लिहू नये.

सिव्हिल_लाइन्स

शाल्मली ताईंनी कर्त्याचा प्रश्न उपस्थित केला, त्याला राज्यघटनेतून काही उदाहरणे देतो.

घटनेच्या एकविसाव्या भागाच्या शीर्षकात ‘टेम्पररी’, ‘ट्रान्झिशनल’ आणि ‘स्पेशल’ असे तीन शब्द शेजारी आहेत. त्यांपैकी ‘स्पेशल’ १९६२ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने आला. आपल्या विदर्भाशी निगडित असलेला अनुच्छेद ३७१ याच भागात, पण ‘स्पेशल’ या प्रकारात मोडतो. त्याखाली १९९४ मध्ये स्थापन झालेल्या विदर्भाच्या विकास मंडळाला मुदतवाढीमागून मुदतवाढ मिळत गेली आणि ३० एप्रिल २०२० रोजी मुदत संपली. येथे गंमत नव्हे तर गांभीर्याची गोष्ट अशी की, तरतूद घटनेत कायम आहे, मंडळ मात्र नाही. कोणीही ते बरखास्त केले नाही. मुदत वाढवली गेली नाही, एवढेच झाले. यासाठी इंग्रजीत ‘लॅप्स’ हा शब्द आहे, आणि ‘टर्मिनेट’पेक्षा तो किती निराळा आहे हे नागपूरकरांना वेगळे समजावण्याची गरज नाही.

विधान परिषदेचे उदाहरण याच्या उलट. अनुच्छेद १७२ प्रमाणे तिचे विसर्जन होत नाही, दर दोन वर्षांनी साधारण एकतृतीयांश सदस्य निवृत्त होतात. म्हणून तिला स्थायी सभागृह म्हणतात. परंतु अनुच्छेद १६९ प्रमाणे विधानसभेने विशेष बहुमताने ठराव केल्यास संसद ती रद्द करू शकते. ‘डिझॉल्व्ह’ करता येत नाही, ‘ॲबॉलिश’ करता येते.

आणि अनुच्छेद ३४३ विसरू नये. घटना लागू झाली तेव्हा संघाच्या कामकाजासाठी इंग्रजीचा वापर पंधरा वर्षे चालू राहील, असे ठरले होते. ती मुदत २६ जानेवारी १९६५ ला भरत होती. १९६३ च्या राजभाषा अधिनियमाने त्यानंतरही इंग्रजी चालू ठेवण्याची सोय केली. संपू शकणाऱ्या गोष्टींसाठी आपण ज्या भाषेत शब्द शोधत आहोत, तिची स्वतःची मुदतही एकदा ठरलेली होती.

गिरणीपुत्र

‘लॅप्स’ची गोष्ट मनाला लागली. मुदतवाढीचा कागद आला नाही म्हणून नोकरी गेलेली माणसे मी पाहिली आहेत. आज तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापकांची स्थिती तीच आहे. त्यांना काढून टाकल्याचे पत्र कधी मिळत नाही, कारण कोणी काढलेलेच नसते. फक्त पुढच्या सत्राचा आदेश निघत नाही. अशा वेळी ‘टर्मिनेटेड’ हा शब्द त्यांना अर्जातही लिहिता येत नाही.

लक्ष्मीनगर_दक्षिण

शाल्मली ताईंचे म्हणणे मला पटले. मूळ कागदातच कर्ता नसेल, तर भाषांतरकाराने तो आपल्या मनाने घालू नये. आधी दोन्ही पक्षांना विचारावे.

महालकर

सर्वांचे आभार. लक्ष्मीनगर यांच्या सूचनेप्रमाणे मी दोन्ही पक्षांना स्वतंत्रपणे विचारले. घरमालकांच्या समजुतीप्रमाणे व्यवस्था संपवण्याचा अधिकार फक्त त्यांना असून सूचनेची गरज नाही. व्यापाऱ्याच्या समजुतीप्रमाणे दोघांपैकी कोणीही महिनाभर आधी सांगून ती संपवू शकतो. एकाच वाक्यावर दोघांनी निरनिराळा अर्थ मनात धरून सही केलेली आहे. आता ते पुरवणी करार करण्यास तयार झाले आहेत. त्याचे कलम मी असे सुचवले आहे : ‘हा परवाना दोहोंपैकी कोणत्याही पक्षास, दुसऱ्या पक्षास एक महिन्याची लेखी सूचना देऊन, मुदतीपूर्वी संपवता येईल.’ इंग्रजीत ‘टर्मिनेबल बाय आयदर पार्टी’ येईल आणि ‘टेम्पररी’ हा शब्द पूर्णपणे वगळला जाईल. यात काही उणे राहिले आहे का?

सदरचा_वकील

कलम चांगले आहे, एक गोष्ट राहिली. महिना कोणत्या दिवसापासून मोजायचा, ते लिहावे. भाडेपट्ट्याच्या बाबतीत २००२ च्या दुरुस्तीनंतर कलम १०६ मध्येच सूचना मिळाल्याच्या दिनांकापासून असे स्पष्ट आहे, पण आपला कागद परवान्याचा असल्याने ते कलम आपोआप लागू होणार नाही. म्हणून ‘सूचना मिळाल्याच्या दिनांकापासून’ हे शब्द कलमात घालावेत, आणि पुरवणी कराराचीही नोंदणी करून मगच इंग्रजी प्रत बँकेकडे द्यावी.